खासगी एफ.एम. नभोवाणी आणि ‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती : महाराष्ट्रातील मध्यम शहरे व शहापूर-मुरबाड परिसर

प्रस्तावना

अमेरिकेतील प्रसारणविषयक अभ्यासात ‘स्थानिक व्यापारी नभोवाणी केंद्र’ ही संज्ञा इतकी रुळलेली आहे, की तिची व्याख्या करण्याची गरज कोणास वाटत नाही. पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले, तेव्हापासून तेथील नभोवाणी प्रामुख्याने खासगी, जाहिरातींवर चालणारी आणि एखाद्या गावाशी जोडलेली अशी वाढत गेली. प्रत्येक केंद्राच्या परवान्यावर एका विशिष्ट वस्तीचे नाव असते व त्या वस्तीची सेवा करणे ही परवान्याची अट मानली जाते. भारतात याच्या उलट घडले. येथे नभोवाणी शासकीय म्हणून स्थिरावली, व्यापारी सेवा नंतर आली आणि खासगी केंद्र तर एकविसाव्या शतकात सुरू झाले. त्यामुळे ‘स्थानिक’, ‘व्यापारी’ आणि ‘खासगी’ हे तीन शब्द आपल्याकडे एकत्र आले ते वेगवेगळ्या वाटांनी. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांतील खासगी एफ.एम. केंद्रांची घडण समजावून घेतली आहे आणि शहापूर-मुरबाडसारखा ग्रामीण, आदिवासीबहुल परिसर या घडणीत कोठे बसतो, याचा विचार केला आहे.

परवान्याचा इतिहास

भारतातील नभोवाणीचा आरंभ खासगी कंपनीनेच झाला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. संच बाळगणाऱ्यांकडून मिळणारे शुल्क तुटपुंजे व खर्च मात्र ठरलेला, हे त्या अपयशाचे कारण होते. शासनाने सेवा ताब्यात घेतली. १९३६ मध्ये तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. पुढे चित्रपटगीतांबाबत आकाशवाणीने घेतलेल्या कठोर धोरणामुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यावर उपाय म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि तिच्यावर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या तीन केंद्रांवरून जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला. म्हणजे व्यापारी नभोवाणीचा देशातील पहिला प्रयोग महाराष्ट्राच्याच तीन शहरांत झाला. फक्त तो शासनाचा होता.

१९९३ मध्ये आकाशवाणीने एफ.एम. वाहिनीवरील काही तास खासगी निर्मात्यांना भाड्याने दिले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. या निर्णयाचा अर्थ ‘लहरी सर्वांच्या’ असा होतो. शासनाने मात्र व्यवहारात त्याचा अर्थ ‘लहरींचा लिलाव करावा’ असा लावला. या दोन अर्थांतील अंतर हाच पुढील सर्व इतिहासाचा गाभा आहे.

पहिल्या टप्प्यात (१९९९-२०००) ४० शहरांतील १०८ वाहिन्या लिलावास काढण्यात आल्या. बोली लावणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात भल्या मोठ्या रकमा कबूल केल्या. मुंबईचे वार्षिक शुल्क पावणेदहा कोटी रुपयांच्या घरात गेले. शिवाय त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ होणार होती. चक्रवाढीने हे शुल्क पाच वर्षांत दुप्पट होते. जाहिरातीचे उत्पन्न त्या गतीने वाढणे शक्य नव्हते. परिणामी बहुतेकांनी माघार घेतली आणि केवळ बारा शहरांत केंद्रे उभी राहिली. पहिले खासगी केंद्र ३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे सुरू झाले. १९३० च्या अनुभवाची ही पुनरावृत्तीच होती : ठरलेला खर्च व अनिश्चित उत्पन्न.

अमित मित्रा समितीच्या शिफारशींनंतर जुलै २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे धोरण आले. आता एकदाच प्रवेश शुल्क भरावयाचे आणि नंतर सकल उत्पन्नाच्या ४ टक्के हिस्सा शासनास द्यावयाचा, अशी रचना झाली. ९१ शहरांत ३३८ वाहिन्या देऊ करण्यात आल्या. महाराष्ट्रातील मध्यम शहरांपर्यंत खासगी नभोवाणी पोहोचली ती या बदलामुळे. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सांगली, जळगाव, धुळे, अकोला, नांदेड, औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) ही शहरे एफ.एम.च्या नकाशावर आली. तिसऱ्या टप्प्याचे धोरण २०११ मध्ये जाहीर झाले. त्याखालील लिलाव २०१५ व २०१६ मध्ये झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. लातूर व चंद्रपूर यांसारखी शहरे त्या यादीत आहेत.

शहरांची प्रतवारी आणि लहरींचा भूगोल

दुसऱ्या टप्प्यापासून शहरांची लोकसंख्येनुसार प्रतवारी करण्यात आली. चार महानगरे ‘अ अधिक’ या वर्गात, वीस लाखांवरील शहरे ‘अ’ वर्गात, दहा ते वीस लाखांची ‘ब’ वर्गात, तीन ते दहा लाखांची ‘क’ वर्गात आणि एक ते तीन लाखांची ‘ड’ वर्गात. प्रक्षेपकाची शक्तीही वर्गानुसार ठरविली आहे : ‘क’ वर्गासाठी ३ ते १० किलोवॅट, ‘ड’ वर्गासाठी १ ते ३ किलोवॅट.

या प्रतवारीत एक विसंगती दडलेली आहे. शहापूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांहून अधिक आहे. मुरबाड मिळविल्यास ती पाच लाखांच्या आसपास जाते. आकडा पाहिला तर हा परिसर ‘क’ वर्गातील शहराच्या बरोबरीचा आहे. परंतु ही लोकसंख्या गावांत आणि पाड्यांत विखुरलेली असल्यामुळे तिला ‘शहर’ म्हणता येत नाही, आणि शहर नसल्यामुळे ती लिलावाच्या यादीतच येत नाही. धोरणाने माणसे मोजली, पण ती एका नगरपालिकेच्या हद्दीत असतील तरच.

मग शेजारच्या शहरांची केंद्रे या परिसराला पुरतात काय? एफ.एम. लहरी मध्यम लहरींप्रमाणे जमिनीच्या आधाराने दूरवर पसरत नाहीत. त्या साधारणतः दृष्टिरेषेत प्रवास करतात. प्रक्षेपकाच्या व ग्राहक संचाच्या आकाशकांची उंची मीटरमध्ये घेऊन दोहोंच्या वर्गमुळांची बेरीज ४.१२ ने गुणली असता सपाट भूमीवरील कमाल अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उंची ६४ मीटर व संच ४ मीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे ४१ किलोमीटर भरते. उंची २०० मीटर केली तरी ते ६६ किलोमीटरच्या पुढे जात नाही. मुंबईच्या मध्यभागापासून शहापूर सरळ रेषेत साठ ते सत्तर किलोमीटर आहे, म्हणजे नेमके या मर्यादेच्या काठावर. उघड्या माळावर, एखाद्या टेकडीवर वा घराच्या माडीवर मुंबईची वाहिनी लागावी आणि माहुलीच्या डोंगराआड किंवा नदीच्या खोऱ्यात उतरताच ती खरखरून नाहीशी व्हावी, हे या गणिताशी सुसंगतच आहे. नाशिकचे अंतर त्याहून अधिक आणि मध्ये कसारा घाटाची कड. तेव्हा शेणव्यासारख्या गावात एफ.एम. ऐकू येणे ही हक्काची सेवा नसून भूरचनेची कृपा ठरते.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांचे पाणी याच परिसरातून मुंबईस जाते. पाण्याची वाट आखताना जेवढा बारकाईने भूगोल अभ्यासला गेला, त्याच्या अंशानेही तो लहरींची वाट आखताना अभ्यासला गेला नाही. अर्थात मुंबईच्या वाहिन्या शहापुरात स्पष्ट ऐकू आल्या, तरी त्यांतून शहापूरविषयी काही ऐकू आले असते असे नाही.

मध्यम शहरातील केंद्र कशाने स्थानिक होते?

जाहिरातीचे अर्थकारण पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. महानगरातील केंद्रास साबण, शीतपेये, भ्रमणध्वनी सेवा यांच्या देशव्यापी जाहिराती मिळतात. मध्यम शहरातील केंद्रास याखेरीज स्थानिक दुकानदारांवर अवलंबून राहावे लागते : सराफ, साड्यांची दालने, खासगी शिकवण्या, वाहनविक्रेते, गृहप्रकल्प. श्रोत्यांची पद्धतशीर मोजणी करणारी ‘रॅम’ ही यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. परंतु ती मुंबई, दिल्ली, बंगळूर व कोलकाता या चार महानगरांपुरतीच राहिली. त्यामुळे सोलापूर वा जळगाव येथील केंद्रास आपले श्रोते किती, हे आकड्याने सिद्ध करता येत नाही. जाहिरातदार समाधानी राहतो तो दुकानात आलेले गिऱ्हाईक ‘रेडिओवर ऐकले’ असे सांगते तेव्हा. हा पुरावा कच्चा असला, तरी त्याने केंद्राला गावाशी बांधून ठेवले, हे मान्य करावे लागेल. निवेदकाने बोलीतील शब्द वापरणे, पेठांची व चौकांची नावे घेणे, यात्रा-उत्सवांची वर्णने करणे ही केवळ रंजनाची हौस नसून व्यवसायाची गरज आहे.

याउलट खर्च कमी करण्याची ओढ केंद्राला गावापासून दूर नेते. दुसऱ्या टप्प्यातच ‘क’ व ‘ड’ वर्गातील शहरांना एका प्रदेशात एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून देण्याची मुभा मिळाली आणि तिसऱ्या टप्प्यात ती एका मालकाच्या देशभरातील सर्व केंद्रांना लागू झाली. प्रतिबंध म्हणून दैनिक प्रसारणाचा किमान २० टक्के भाग त्या शहराच्या स्थानिक भाषेत असावा, अशी अट घालण्यात आली. महाराष्ट्रात मराठीसाठी वीस टक्क्यांची अट घालावी लागते, यातूनच उरलेल्या ऐंशी टक्क्यांची कल्पना यावी. हिंदी चित्रपटसंगीत हा खासगी केंद्रांचा मुख्य आधार आहे. त्याच्या स्वामित्वशुल्काचा वादही बरीच वर्षे चालला आणि ऑगस्ट २०१० मध्ये प्रताधिकार मंडळाने ते निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असे ठरविले. दर वाजविलेल्या गाण्यामागे ठरावीक रक्कम देण्याऐवजी उत्पन्नाचा हिस्सा देणे हे लहान केंद्रांच्या पथ्यावर पडले, यात शंका नाही.

मालकीच्या दृष्टीने कोल्हापूरचे उदाहरण बोलके आहे. तेथे ‘मिर्ची’सारखी देशव्यापी साखळी आहे आणि त्याच शहरातील ‘पुढारी’ वृत्तपत्रसमूहाचे ‘टोमॅटो एफ.एम.’ ही आहे. एकाचा केंद्रबिंदू मुंबईत, दुसऱ्याचा कोल्हापुरातच. परंतु दोहोंनाही एक गोष्ट सारखीच निषिद्ध आहे : बातमी.

बातमीबंदी

खासगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडींवरील कार्यक्रम देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्याने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रसारित करण्याची परवानगी दिली. तसेच काही विषय ‘बातमी नव्हे’ म्हणून मोकळे केले. त्यांत वाहतूक व हवामान, क्रीडास्पर्धांची माहिती, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल, प्रवेश व रोजगारविषयक माहिती येते. वीज-पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती व आरोग्य यांविषयीच्या सूचनाही त्यांत आहेत, मात्र त्या स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असाव्यात.

या मर्यादेचा अर्थ ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या संदर्भात स्पष्ट होतो. पंचगंगा व कृष्णा यांच्या पुराने कोल्हापूर व सांगली ही दोन्ही शहरे आणि त्यांच्या परिसरातील गावे वेढली गेली. नियमाप्रमाणे पाण्याची पातळी, बंद झालेले रस्ते, निवाराकेंद्रांचे पत्ते ही प्रशासनाने दिलेली माहिती केंद्रास सांगता येते. परंतु कोयना व अलमट्टी धरणांतील विसर्गाचे नियोजन योग्य होते काय, पूररेषेत बांधकामे कशी झाली, हे प्रश्न निवेदकाने विचारले की तो ‘चालू घडामोडीं’च्या निषिद्ध क्षेत्रात शिरतो. याच प्रश्नांचा विचार करण्यासाठी शासनास पुढे वडनेरे समिती नेमावी लागली. शहराला जे सर्वाधिक भेडसावत होते, ते शहराच्या नभोवाणीस बोलता येऊ नये, ही स्थिती समर्थनीय म्हणता येणार नाही.

बंदीच्या समर्थनार्थ सुरक्षेचे कारण पुढे केले जाते : लहान केंद्रांच्या प्रसारणावर देखरेख ठेवणे अवघड आहे, अफवा पसरण्याचा धोका आहे. यात तथ्य नाही असे नाही. ध्वनिमाध्यमाची परिणामकारकता निरक्षर श्रोत्यांपर्यंत जाते, हे जसे त्याचे बळ तसाच तो त्याचा धोकाही आहे. परंतु ज्या समूहास रेडिओवर बातमी देता येत नाही, तोच समूह त्याच शहरात दैनिक काढतो. कोल्हापुरात ‘पुढारी’चे आणि नाशिकमध्ये ‘दिव्य मराठी’ व ‘माय एफ.एम.’ ही दोन्ही चालविणाऱ्या समूहाचे उदाहरण घेता येईल. सकाळी छापलेला मजकूर ध्वनिरूपात आला की धोकादायक होतो, असे मानण्यास आधार मिळत नाही. दूरचित्रवाणीच्या शेकडो वृत्तवाहिन्या व भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश यांच्या काळात तर हा युक्तिवाद आणखी लंगडा पडतो. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये दर तासास दहा मिनिटांपर्यंत बातम्या देण्याची मुभा असावी, अशी शिफारस केली.

मायनॉटचे उदाहरण

मुभा मिळाली म्हणजे सारे साधेल, असेही मात्र नाही. अमेरिकेत बातमीस कधीच बंदी नव्हती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत, यावरील मर्यादा उठविली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. १८ जानेवारी २००२ च्या पहाटे नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट या शहरालगत मालगाडी रुळांवरून घसरली व टाक्यांतील अमोनिया वायू शहरावर पसरला. एक व्यक्ती दगावली, शेकडो लोकांना त्रास झाला. शहरातील सहा व्यापारी नभोवाणी केंद्रे त्या वेळी एकाच कंपनीच्या मालकीची होती. रहिवाशांनी रेडिओ लावले तेव्हा त्यांना धोक्याची सूचना ऐकू आली नाही. पोलिसांना केंद्रात दूरध्वनी उचलणारे कोणी मिळेना, असे सांगितले गेले. कंपनीने आपत्कालीन इशारा यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही, असा प्रतिवाद केला. दोष कोणाचा हा वाद बाजूस ठेवला, तरी दूरवरून चालणाऱ्या केंद्रात रात्री माणूस नसणे म्हणजे काय, हे त्या घटनेने दाखविले. परवान्यावर शहराचे नाव असणे आणि शहरात जागा माणूस असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील मध्यम शहरांची केंद्रे साखळीत ओवली जात असताना हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

शहापूर-मुरबाडपुढील पर्याय

व्यापारी केंद्र या परिसरात का येणार नाही, याचे कारण लिलावाच्या यादीपलीकडचेही आहे. शहापूर वा मुरबाडच्या बाजारपेठेतील कापडदुकानदारास मुंबईच्या वाहिनीवर जाहिरात देणे परवडणारे नाही, आणि परवडले तरी तिचे बहुसंख्य श्रोते त्याच्या दुकानात कधी येणार नाहीत. तो ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा फिरवितो, फलक लावतो, पत्रके वाटतो. म्हसा यात्रेच्या दिवसांत घोंगड्यांची वा बैलबाजाराची माहिती तोंडोतोंडीच पसरते. म्हणजे स्थानिक जाहिरातीची गरज आहे, ती दूरवर विखुरलेली आहे, आणि ती एकत्र केली तरी प्रवेश शुल्क भरून केंद्र चालविण्याइतकी रक्कम जमणे कठीण आहे.

लिलावाशिवाय मिळणारा परवाना सामुदायिक नभोवाणीचा. २००२ च्या धोरणाने तो शैक्षणिक संस्थांना खुला केला आणि नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे होत. यांतील म्हसवडचे उदाहरण शहापूर-मुरबाडला अधिक जवळचे. कारण तो दुष्काळी, ग्रामीण तालुका असून केंद्राचा पाया स्त्रियांच्या संस्थात्मक कामात आहे.

सामुदायिक केंद्रास जाहिराती घेता येतात. त्यांची मर्यादा आरंभी तासाला पाच मिनिटे होती. पुढे ती सात झाली व फेब्रुवारी २०२४ मध्ये बारा मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. कार्यक्रमांपैकी किमान निम्मे केंद्रावरच तयार झालेले असावेत, अशी अट आहे. बातमीबंदी मात्र येथेही कायम आहे. परंतु या परिसराच्या गरजांपैकी बऱ्याच बाबी मुभा असलेल्या विषयांतच मोडतात : कसारा वा माळशेज घाटात दरड कोसळून वाहतूक थांबली काय, भातसाचे दरवाजे केव्हा उघडणार, आश्रमशाळांचे प्रवेश, भातखरेदी केंद्रांच्या तारखा, सर्पदंशावरील लस कोणत्या आरोग्यकेंद्रात आहे, आसनगावहून सुटणाऱ्या लोकल गाड्यांतील बदल. वारली, ठाकूर व कातकरी यांच्या बोलींना जागा देणे तर व्यापारी केंद्रास कधीच परवडणार नाही. सामुदायिक केंद्रात ती अटीचाच भाग ठरू शकते.

अडचण पुन्हा भूगोलाची येते. सामुदायिक केंद्राची परिणामी शक्ती १०० वॅट व आकाशकाची उंची साधारण तीस मीटरपर्यंत मर्यादित आहे. त्यामुळे प्रसारणाची त्रिज्या दहा-बारा किलोमीटरच्या आसपास राहते. आसनगावपासून कसारा रेल्वेमार्गाने तीस किलोमीटरहून दूर आहे. शेणवा-शहापूर भागात उभारलेले केंद्र कसाऱ्याच्या वरच्या पाड्यांपर्यंत किंवा मुरबाडच्या माळशेजकडील टोकापर्यंत पोहोचणार नाही. मध्ये डोंगर असल्यास त्याहूनही अलीकडेच थांबेल. दोन तालुक्यांसाठी तीन-चार लहान केंद्रे लागतील आणि प्रत्येकास स्वतंत्र परवाना, स्वतंत्र प्रक्षेपक व रोज काही तास कार्यक्रम तयार करणारी माणसे लागतील. प्रक्षेपकाचा खर्च एकदाच करावा लागतो, माणसांचा दरमहा. परिसरातील महाविद्यालयांकडे मराठी, भूगोल, समाजशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांचे अध्यापक आणि पाड्यांवरून येणारे, त्या बोली जन्मापासून बोलणारे विद्यार्थी आहेत. अर्ज करण्यास पात्र असलेल्या संस्थांमध्ये महाविद्यालयांचा समावेश २००२ पासूनच आहे.